हवेचा हिशोब

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत धाटाव येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



संस्थेने आम्हांस विषय दिला आहे 'वायुप्रदूषण आणि शासनाचे उत्तरदायित्व'. विषय मोठा आहे आणि वक्ता लहान आहे. आम्ही शास्त्रज्ञ नव्हे, वकीलही नव्हे. कला शाखेची पदवी घेऊन बँकेत कारकून म्हणून लागलो, आणि आजवरची नोकरी काउंटरच्या आतल्या बाजूस झाली. तेव्हा आम्ही जे बोलणार ते कारकुनाच्या नजरेतूनच. या नोकरीत एक गोष्ट अंगवळणी पडते. कोणी गृहस्थ येऊन म्हणाले, "मी परवा पाच हजार भरले होते, खात्यात दिसत नाहीत," तर आम्ही त्यांना खोटे ठरवीत नाही. पण पहिला प्रश्न विचारतो, पावती आहे का? पावती असेल तर मॅनेजरसाहेबांनासुद्धा खुर्चीवरून उठावे लागते. पावती नसेल तर त्यांचा शब्द एका बाजूला, आमचा दुसऱ्या बाजूला, आणि मधे काच.

धाटावच्या हवेचे नेमके असेच झालेले आहे. वास सर्वांना येतो, पावती कोणाकडेच नाही.

कुंडलिकेच्या काठची ही औद्योगिक वसाहत सत्तरच्या दशकापासून उभी राहिली. रंगद्रव्ये, कीटकनाशके, औषधांचा कच्चा माल, नाना तऱ्हेची रसायने येथे तयार होतात. नदीच्या पाण्याविषयी पुष्कळ बोलले गेले, लिहिले गेले. कुंडलिकेचे नाव केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रदूषित नदीपट्ट्यांच्या यादीतही गेले. पाण्याचे एक बरे असते. ते बाटलीत भरता येते, मेलेले मासे टोपलीत घालून कचेरीत नेता येतात. हवा मात्र टोपलीत मावत नाही. रात्री तीन वाजता डोळे चुरचुरतात, म्हातारा माणूस खोकत उठून बसतो, आई लेकराच्या नाकावर पदर धरते आणि खिडकी लावून घेते. सकाळी उठून पाहावे तर हवा स्वच्छ. मग ज्याच्याकडे तक्रार न्यावी तो विचारतो, कुठे आहे वास?

आपल्या जिल्ह्याचे आणि वायूचे नाते काय ते विद्यार्थ्यांना ठाऊक असावे म्हणून थोडे मागे जातो. १९७४ साली मुंबईच्या पश्चिमेस भर समुद्रात 'सागर सम्राट' या जहाजाने घेतलेल्या विहिरीस तेल लागले. तेच मुंबई हाय. तेलाबरोबर नैसर्गिक वायूही आला. हा वायू नळांतून उरणला किनाऱ्यावर आणला गेला. सुरुवातीच्या काळात तो वापरण्याची सोय अपुरी होती, म्हणून त्यातील पुष्कळसा जाळूनच टाकला जाई. पुढे त्याच वायूवर ऐंशीच्या दशकात अलिबाग तालुक्यात थळचा खत कारखाना उभा राहिला, आणि रोह्याच्या शेजारी नागोठण्याचा पेट्रोरसायन प्रकल्प आला. म्हणजे विहीर समुद्रात, पण तिचा संसार रायगड जिल्ह्यात. आमच्या वयाच्या लोकांना नागोठण्याचे नाव घेतले की १९९० चा नोव्हेंबर आठवतो. वायूची गळती झाली, स्फोट झाला आणि तीसहून अधिक माणसे गेली. उरणच्या वायू प्रक्रिया केंद्रात ३ सप्टेंबर २०१९ रोजी आग लागली, चौघे गेले. त्यांत तिघे आग विझवायला धावलेले सुरक्षा दलाचे जवान होते. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी महाडच्या औद्योगिक वसाहतीत स्फोट व आग होऊन ११ कामगार मृत्युमुखी पडले. आणि डिसेंबर २०२४ मध्ये आपल्या धाटावातच एका कारखान्यात टाकीचा स्फोट होऊन कामगार गेले. त्या दिवशीचा आवाज येथे बसलेल्यांपैकी अनेकांनी ऐकलेला आहे.

स्फोट झाला की पंचनामा होतो, मंत्री येतात, वर्तमानपत्रात छायाचित्र येते, थोडीफार भरपाई मिळते. पण जो वायू स्फोट न करता रोज थोडा थोडा आपल्या छातीत जातो त्याचा पंचनामा होत नाही. आज आम्हांस त्या वायूविषयी बोलावयाचे आहे.

प्रथम एक शंका दूर करू. गावात सर्रास म्हटले जाते की कारखानेवाले रात्री मुद्दाम वायू सोडतात. असे कोठे होतही असेल. होत नाही अशी खात्री आम्ही देणार नाही. परंतु रात्री वास येण्याला दुसरेही कारण आहे आणि ते विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. दिवसा जमीन तापते, तापलेली हवा वर चढते आणि समुद्रावरून वारा आत येतो, त्यामुळे धूर पांगतो. रात्री, विशेषतः हिवाळ्यात, जमीन लवकर थंड होते. तिच्यालगतची हवा थंड आणि जड होते आणि वरची हवा तिच्या मानाने उबदार राहते. त्यामुळे खालच्या हवेवर झाकण पडल्यासारखे होते. धाटाव हे दोन्ही बाजूंच्या डोंगरांमधले खोरे आहे. वारा पडलेला, वर झाकण, बाजूला डोंगर. अशा रात्री धुराड्यातून दिवसाइतकाच वायू निघाला तरी तो येथेच साचतो. म्हणून नुसते "रात्री वास येतो" एवढ्यावरून कोणाला चोर ठरवता येत नाही, आणि कोणाला साव ठरवून मोकळेही सोडता येत नाही. त्यासाठी कोणत्या रात्री, किती वाजता, वारा कसा होता, धुक्याची रात्र होती की वाऱ्याची, हे लिहिलेले हवे. लिहिलेले असेल तरच दोन्हींतला फरक सांगता येईल.

वासाबद्दल आणखी एक सांगतो, कारण येथे गृहिणी बसल्या आहेत. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो हायड्रोजन सल्फाइडचा असतो. हा वायू हवेत फार वाढला तर नाक बधिर होते आणि वास येणे थांबते. तेव्हा वास कमी झाला म्हणजे धोका टळला असे समजू नये. डोके जड होणे, मळमळणे, घशात आग होणे हीच खूण समजून वाऱ्याच्या आडव्या दिशेने बाहेर पडावे आणि मुलांना पुढे काढावे.

आता कायद्याकडे येऊ. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळ झाले. त्याच्या पुढच्याच डिसेंबरात दिल्लीच्या एका कारखान्यातून ओलियम वायूची गळती झाली, आणि १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठरवून दिले की धोकादायक उद्योग करणाऱ्याने आपल्या उद्योगामुळे झालेल्या हानीची भरपाई दिलीच पाहिजे. 'आम्ही सर्व काळजी घेतली होती' ही सबब चालणार नाही. १९९१ साली त्याच न्यायालयाने संविधानाच्या कलम २१ मध्ये, म्हणजे जीविताच्या हक्कामध्ये, प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा यांचा समावेश होतो असे सांगितले. परंतु खुद्द हवेचा कायदा या सर्वांच्या आधीचा आहे, १९८१ चा. महाराष्ट्रात तो १९८३ पासून लागू झाला. आरंभी काही भागच त्याखाली घेतले होते, १९९६ साली संपूर्ण राज्य वायुप्रदूषण नियंत्रण क्षेत्र म्हणून जाहीर झाले. म्हणजे धाटावच्या हवेला कायदा नाही असे कोणी म्हणू शकणार नाही.

या कायद्याच्या कलम २१ प्रमाणे प्रदूषण मंडळाच्या संमतीवाचून कारखाना चालवता येत नाही. संमतीपत्र हे आपल्या बँकेतील कर्जाच्या मंजुरीपत्रासारखे असते. नुसती 'परवानगी दिली' एवढी एक ओळ त्यात नसते, अटी असतात. धुराडी किती, त्यांची उंची किती, जळण कोणते, आम्लाची वाफ धुण्यासाठी स्क्रबर कोठे बसवायचा, कोणता वायू किती प्रमाणापर्यंत सोडता येईल, संमती कोणत्या तारखेला संपते. कर्जदाराने अटी मोडल्या तर आम्ही त्याला पत्र पाठवतो, पुन्हा पाठवतो, मग घरी जातो. गरीब शेतकऱ्याच्या दोन म्हशींच्या कर्जामागे बँक जेवढी धावते, तेवढे एखादे सरकारी खाते एखाद्या धुराड्यामागे धावताना आम्ही पाहिलेले नाही. हे अध्यक्षांना कदाचित कडू वाटेल, पण बँकेतला माणूस म्हणून बोलतो.

आणि त्याच कायद्यात कलम ५१ आहे. आमच्या मते धाटावकरांसाठी सर्वांत मोलाचे कलम हेच, आणि ते कोणी वाचत नाही, कारण त्यात दंड नाही, कैद नाही, आहे ती फक्त नोंदवही. मंडळाने कोणाकोणाला संमती दिली, त्यांना कोणती मानके ठरवून दिली, याचे रजिस्टर ठेवले पाहिजे. आणि त्या उत्सर्जनाशी ज्याचा संबंध येतो किंवा ज्याला त्याची बाधा होते अशा कोणत्याही व्यक्तीला ते वाजवी वेळेत पाहावयास मिळाले पाहिजे. बाधा होणारी व्यक्ती म्हणजे कोण? ज्या आजीला रात्री धाप लागते ती. ती सही करू शकत नसेल तर अंगठा उठवील, पण ते रजिस्टर तिचे आहे. शिवाय २००५ चा माहितीचा अधिकार आहेच. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत.

कायदा एवढा स्वच्छ असताना अडते कोठे, हे सांगण्यासाठी एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही तिघेजण वासाची तक्रार घेऊन एका सरकारी कार्यालयात गेलो होतो. कोणते ते सांगत नाही, सांगण्याची गरजही नाही. साहेब सज्जन होते, चहा मागवला. कोणता कारखाना, कोणता वायू, केव्हा, असे त्यांनी विचारले. सर्व ऐकून घेतले आणि एक अक्षरही लिहिले नाही. "लेखी आणा," म्हणाले. लेखी घेऊन गेलो तर आवक-जावकचा बाबू रजेवर. शिपाई म्हणाला, ठेवून जा. आम्ही ठेवून गेलो नाही. कारकून असण्याचा एवढाच फायदा असतो, दुसऱ्या कारकुनाचा शिक्का कोणत्या खणात असतो ते आपल्याला ठाऊक असते. दुपारी साडेतीनला शिक्का मिळाला, आवक क्रमांक मिळाला. त्यानंतर पाच आठवड्यांनी उत्तर आले. प्रत्यक्ष पाहणी केली असता परिसरात कोणताही उग्र वास आढळून आला नाही, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे. पाहणीची वेळ लिहिली होती दुपारी सव्वा वाजताची. आमची तक्रार होती पहाटे तीनची.

गावात ते पत्र वाचून लोक हसले, काही चिडले, एकाने तर ते फाडावयास घेतले. आम्ही ते जपून ठेवले. कारण ते उत्तर म्हणून निरुपयोगी असले तरी पुरावा म्हणून सोन्यासारखे आहे. पहाटेच्या तक्रारीची पाहणी भर दुपारी, समुद्रावरचा वारा वाहत असताना झाली, हे त्यांनी स्वतःच्या सहीशिक्क्यानिशी लिहून दिले आहे. तोंडी तक्रारीतून हे कधी मिळाले नसते. रायगडचे प्रादेशिक कार्यालय बेलापूरला, येथून नव्वद-शंभर किलोमीटर. तेथून माणूस निघून येथे पोहोचेपर्यंत वास राहत नाही, ही त्यांची अडचण आम्ही समजू शकतो. पण ज्याची अडचण आहे त्याने ती आपल्या वरिष्ठांना लेखी कळवावी, पहाटेची पाहणी करावी, नमुना घेण्याचे यंत्र येथे ठेवावे. अडचण सरकारची आणि फुप्फुस आमचे, हा हिशोब जुळत नाही.

मानकांविषयीही विचारले पाहिजे. २००९ साली देशाची जी हवा-गुणवत्ता मानके ठरली त्यांत बारा घटक आहेत. बारीक धूळ, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड, ओझोन, अमोनिया, शिसे, बेंझिन वगैरे. शहरासाठी ही यादी ठीक आहे. परंतु रासायनिक वसाहतीत लोकांना जो त्रास होतो तो बहुधा या यादीबाहेरच्या वाफांचा असतो. टोल्युइनसारख्या द्रावकांच्या वाफा, क्लोरीन, हायड्रोजन सल्फाइड, उग्र वासाची गंधकयुक्त संयुगे. तेव्हा कोणी "हवा मर्यादेत आहे" असा तक्ता दाखवला, तर नम्रपणे विचारावे, साहेब, कोणत्या घटकाची हवा? जे मोजलेच नाही ते मर्यादेत आहे असे कसे म्हणता येईल?

कागद नसला म्हणजे काय होते ते पाहण्यासाठी आपल्याला आसामात जावे लागेल, कारण वायूच्या विहिरीशेजारी राहणाऱ्यांची स्थिती तेथे साऱ्या देशाने पाहिली. तिनसुकिया जिल्ह्यात बाघजान नावाचे गाव आहे. तेथे ऑइल इंडिया या सरकारी कंपनीच्या विहिरीतून २७ मे २०२० रोजी वायू अनावर होऊन उसळला. ९ जूनला त्याने पेट घेतला, कंपनीचे दोन अग्निशामक कर्मचारी गेले, हजारो लोक घरे सोडून छावण्यांत राहिले. आग पूर्णपणे विझली ती १५ नोव्हेंबरला. आता कारकुनाच्या कामाची गोष्ट पुढे आहे. आग लागल्यानंतर आसामच्या प्रदूषण मंडळाने कंपनीला तेथील काम बंद करण्याची नोटीस काढली, त्यात म्हटले की आवश्यक ती संमती न घेताच काम चालू होते. आणि काही दिवसांतच ती नोटीस मागे घेतली. संमती नव्हती हे आग लागल्यावर आठवले. त्याआधीची सारी वर्षे ते रजिस्टर कोणी उघडले होते काय? गंमत अशी की त्याच वर्षाच्या जानेवारीत केंद्र सरकारने तेल व वायूच्या शोधासाठीच्या खोदकामाचा पर्यावरण परवानगीतील वर्ग बदलून खालचा केला होता, ज्यात जनसुनावणी लागत नाही. बाघजानची विहीर आधीची, तेव्हा त्या बदलामुळे अपघात झाला असे आम्ही म्हणणार नाही. पण लोकांना विचारण्याची पायरी काढून टाकायची आणि खाते आपले काम करील असे गृहीत धरायचे, याचा अर्थ काय होतो, ते बाघजानच्या लोकांना विचारावे. येथे तर मालकही सरकार, तपासणारेही सरकार.

कागद असला म्हणजे काय होते ते जवळच, चेंबूरच्या माहुल-अंबापाडा भागात दिसते. तेथे तेल शुद्धीकरणाचे कारखाने आणि रसायने साठविण्याच्या टाक्या आहेत. टाक्या भरताना-रिकाम्या करताना वाफा हवेत जातात. तेथील रहिवासी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेले. त्यांच्याजवळ तक्रारींच्या प्रती होत्या, के.ई.एम. रुग्णालयाने केलेली आरोग्याची पाहणी होती. २०१५ साली न्यायाधिकरणाने त्या भागात वायुप्रदूषणाचा धोका असल्याचे मान्य केले आणि ऑगस्ट २०२० मध्ये चार कंपन्यांवर मिळून सुमारे २८६ कोटी रुपयांची पर्यावरण भरपाई बसविली. पैसे मिळाले म्हणजे फुप्फुस नवे येत नाही, हे खरे. पण तीच हवा, तोच वास, आणि 'येथे काही नाही' म्हणणाऱ्यांना 'आहे' असे मान्य करावे लागले.

आपल्या जिल्ह्याला हे नवीन असण्याचे कारण नाही. १९२३ साली मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव झाला की सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले असावेत. १९२४ साली महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागद तयार होता. तीन वर्षे तो कागद तळ्याच्या काठावर आलाच नाही. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आपल्या माणसांना घेऊन त्या तळ्यावर गेले, तेव्हा ठराव पाण्याला लागला. हा भाग प्रत्येक मुलाला पाठ असतो. पुढचा भाग मात्र आपण सांगत नाही. त्यानंतर नगरपालिकेने ठराव फिरवला, विरोधकांनी दिवाणी दावा लावला, आणि तो दावा उच्च न्यायालयापर्यंत चालून निकाल आपल्या बाजूने लागला १९३७ साली. दहा वर्षे कैफियती, साक्षी, दाखले, नकला. सत्याग्रहाचा एक दिवस आपण दरवर्षी साजरा करतो, त्या दहा वर्षांच्या कागदपत्रांचा दिवस कोणी साजरा करीत नाही. आम्हांस मात्र त्या दहा वर्षांचे अधिक आश्चर्य वाटते.

आता जी गोष्ट सर्वांच्या मनात आहे ती बोलतो. आपल्यापैकी निम्म्या घरांतील कोणी ना कोणी या वसाहतीत कामाला आहे. बरेचसे कंत्राटी. तक्रारीवर सही केली आणि उद्या गेटवरून परत पाठवले तर? ही भीती खोटी नाही, आणि जे लोक व्यासपीठावरून 'घाबरू नका' म्हणतात त्यांच्या घरची चूल बहुधा पगारी असते. आमचीही आहे. म्हणून आम्ही कोणालाही शूर व्हावयास सांगत नाही. ज्याच्या घरात कंपनीचा पगार येतो त्याने सही करू नये. तक्रार संस्थेच्या लेटरहेडवर जाईल, सह्या आमच्यासारख्यांच्या, निवृत्त शिक्षकांच्या राहतील. त्याने फक्त वेळ सांगावी. शिवाय हे ध्यानात घ्यावे की कारखान्यात स्क्रबर बंद ठेवला तर पहिली वाफ त्याच्याच नाकात जाते, नंतर गावात येते. कारखाना बंद व्हावा असे आम्हांस वाटत नाही. संमतीपत्रात जे लिहून दिले आहे तेवढे पाळावे, एवढीच मागणी आहे. ती कामगाराच्या विरुद्ध नाही.

दंडाचेही सांगितले पाहिजे. १९८७ च्या दुरुस्तीने सामान्य नागरिकाला साठ दिवसांची नोटीस देऊन स्वतः न्यायालयात फिर्याद करण्याचा अधिकार मिळाला होता. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने हवेच्या कायद्यातील बऱ्याच गुन्ह्यांची कैद काढून तेथे दंड ठेवला, दहा हजारांपासून पंधरा लाखांपर्यंत. मोठ्या कारखान्याला पंधरा लाख म्हणजे काय, हे बँकेत बसून आम्ही चांगले ओळखतो. म्हणून दंडावर फार भिस्त ठेवू नये. संमतीचे नूतनीकरण ज्या दिवशी येते त्या दिवसाकडे लक्ष ठेवावे. त्या वेळी मंडळाच्या फायलीत आपल्या वर्षभराच्या तारीखवार तक्रारी असतील, तर नूतनीकरण करणाऱ्या अधिकाऱ्याला त्या पाहिल्या नाहीत असे म्हणता येणार नाही. प्रांतसाहेबांकडेही जाता येते. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा हुकूम देण्याचा अधिकार त्यांना पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १३३ ने होता, जुलै २०२४ पासून तो नव्या संहितेच्या कलम १५२ मध्ये आहे. मध्य प्रदेशातील रतलामच्या लोकांनी याच वाटेने जाऊन १९८० साली सर्वोच्च न्यायालयाकडून नगरपालिकेला सुनावले होते की पैसे नाहीत ही सबब चालणार नाही.

शेवटची एक गोष्ट विद्यार्थ्यांसाठी. रासायनिक अपघातांविषयीचे नियम १९९६ साली झाले. त्यांप्रमाणे औद्योगिक पट्ट्यासाठी स्थानिक आपत्ती गट असावयास हवा. त्यात अधिकारी आणि कारखानदार यांच्याबरोबर सरपंच, सामाजिक संस्थेचा प्रतिनिधी, डॉक्टर, स्थानिक वृत्तपत्राचा संपादक असे लोक घ्यावयाचे असतात आणि गटाची दरमहा बैठक व्हावयाची असते. आपल्या गटात कोण कोण आहे, शेवटची बैठक केव्हा झाली, इतिवृत्त कोठे आहे, हे माहितीच्या अधिकारात विचारण्याचे काम बारावी आणि पदवीच्या मुलांनी करावे. अर्जाचा नमुना आम्ही तयार करून आणला आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँपही आमच्याकडून.

आणि बाहेर टेबलावर एक दोनशे पानी रजिस्टर ठेवलेले आहे. रकाने आखून आणले आहेत. तारीख, वेळ, ठिकाण, वास कशासारखा, वारा कोणीकडून, धुके होते की नव्हते, किती वेळ टिकला, घरात कोणाला काय त्रास झाला, डॉक्टरकडे गेला असल्यास चिठ्ठीची तारीख. नाव लिहिणे सक्तीचे नाही, घर क्रमांक पुरे. ज्या रात्री वास आला नाही त्या रात्रीही 'वास नाही' अशी नोंद करावी, म्हणजे उद्या कोणी आपल्याला पक्षपाती म्हणणार नाही. रजिस्टर विहाराच्या कपाटात राहील, किल्ली दोघांकडे राहील, आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्याच्या दोन झेरॉक्स प्रती काढून एक प्रदूषण मंडळाकडे व एक प्रांत कार्यालयात, आवक शिक्क्यासह, आम्ही स्वतः नेऊन देऊ. काल रात्री ज्यांना वास आला असेल त्यांनी जाताना पहिली नोंद करावी. पेन दोऱ्याने बांधलेले आहे.